खापर पुण्याला पोचवायचं तर: अमळनेरकडच्या एका कुंभारघराची ऑनलाइन विक्री

हे प्रकरण अमळनेर तालुक्यातल्या, बोरी नदीच्या काठावरच्या एका कुंभारघराचं आहे. नाव-गाव गाळलं आहे, कारण घरच्यांना ते छापून यायला नको होतं. दोघे भाऊ, त्यांची आई, थोरल्याची बायको आणि तिची बी.कॉम. करणारी मुलगी, एवढी माणसं धंद्यात आहेत. माल सगळा हाताचा: माठ, घागरी, खापरं, पणत्या, संक्रांतीची सुगडं, भाद्रपदात गुलाबाईच्या मूर्ती. या घराच्या जमाखर्चाच्या वह्या मी काही वर्षं लिहून देतो आहे आणि पुढचे आकडे त्या वह्यांतलेच आहेत.

मातीची भांडी ऑनलाइन विकायची म्हटलं की बोलणं फोटो, रील आणि ॲपपाशी सुरू होतं आणि बहुधा तिथेच संपतं. या घरात खरी अडचण वेगळ्या जागी निघाली. बाजारात मडक्याची परीक्षा गिऱ्हाईक करतं. ते मडकं उचलतं, बोटाच्या पेराने वाजवतं, उजेडाकडे धरून आत बघतं, बद्द वाजलं तर खाली ठेवून दुसरं घेतं. कुंभाराने फक्त माल मांडून बसायचं. ऑनलाइन विक्रीत ती परीक्षा कुंभाराच्या अंगावर येते. तिला वेळ लागतो, जागा लागते, मजुरी लागते, आणि हे सगळं किमतीत धरलं नाही तर ऑर्डरी वाढत जातात आणि घर कर्जात जातं. या घराच्या पहिल्या हंगामात नेमकं हेच होत होतं.

खापर म्हणजे काय

खान्देशाबाहेरच्या वाचकाला आधी खापर सांगायला हवं. उथळ, रुंद तोंडाचं, गोल बुडाचं मातीचं भांडं. चुलीवर ते पालथं घालतात. खाली जाळ आणि वरच्या पाठीवर पुरणाचा मांडा. मांडा पोळपाटावर लाटून भागत नाही. दोन्ही हातांवर फिरवत फिरवत तो कोपरापर्यंत वाढवायचा आणि अलगद खापरावर टाकायचा. त्यामुळे खापर मोठंच लागतं. या घरात ते सोळा इंच व्यासाचं करतात. पाठ सगळीकडे सारख्या जाडीची हवी, नाहीतर मांडा एकीकडे कच्चा राहतो आणि शेजारीच करपतो. थोरला भाऊ ते चाकावर जाडसर घडवतो, जरा आवळून आलं की आतून दगडी गोळा धरतो आणि बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकत ठोकत पसरवतो. माती चाळून तिच्यात राख आणि लीद मिसळलेली असते. भाजताना लीद जळून जाते, बारीक छिद्रं राहतात आणि त्या छिद्रांमुळेच खापर जाळाचा ताण सोसतं. घोटीव, घट्ट मातीचं भांडं दिसायला सुबक असतं, पण चुलीवर टिकत नाही.

साच्यात दाबून काढलेले मातीचे तवे गुजरातेतून येतात, स्वस्तही असतात. पण पातळ, सारख्या जाडीची आणि एवढी मोठी पाठ हाताने ठोकूनच येते असं थोरल्याचं म्हणणं आहे. त्याच्या खापरावर भाजलेले मांडे मी खाल्ले आहेत आणि मला ते म्हणणं पटतं.

धंद्याचं वर्ष

या घराचं वर्ष आखाजीभोवती फिरतं. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. तेव्हा खान्देशात लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, पितरांसाठी घरोघर घागर भरतात, आणि ती घागर नवी लागते. त्याच दिवसांत पाहुणे आणि जावई आले की मांडे होतात, म्हणजे खापर. पाठोपाठ वैशाख एकादशीच्या सुमाराला अमळनेरात सखाराम महाराजांची यात्रा बोरीच्या पात्रात भरते. तिथे आई आणि सून जमिनीवर गोणपाट टाकून बसतात. चैत्र-वैशाखात जी कमाई होते त्यावर पावसाळा काढायचा. जूनपासून आवा, म्हणजे भांडी भाजायची भट्टी, बंदच. ओली माती वाळत नाही आणि जळण भिजतं.

ही घडी हळूहळू विस्कटत गेली. उन्हाळ्यात जळगावकडे पारा ४५ च्या वर जातो, तरी पूर्वी दर साली नवा माठ घेणारं घर आता फ्रिज आणि थंड पाण्याच्या जारवर आलं आहे. आखाजीची घागर टिकून आहे, पण ती घरटी एक, आणि तिच्यात सुटतं थोडं. खापराची गोष्ट निराळी. ते वापरणारी माणसं गाव सोडून पुण्याला, नाशिकला, कल्याण-डोंबिवलीला आणि सुरतेला गेली. अमळनेर भुसावळ-सुरत रेल्वेमार्गावर आहे. सुरतेत उधना-लिंबायतकडे खान्देशी घरं गल्लोगल्ली सापडतात. आखाजी जवळ आली की गावच्या नातेवाइकाला फोन यायचा, "येताना एक खापर घेऊन ये." नातेवाईक ते मांडीवर धरून गाडीत बसायचा. मागणी होती आणि ती नातेवाइकांच्या मांडीवर बसून प्रवास करत होती, हे मुलीच्या लक्षात आलं आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

पहिला हंगाम

मुलीने एका मोठ्या विक्री-संकेतस्थळावर दुकान उघडलं आणि घागर सोडून घरात होतं नव्हतं ते सगळं टाकलं. माठ, पणत्या, सुगडं, खापर, गुलाबाई. पणत्यांना ऑर्डरी आल्या, पण तिथे यंत्रावरच्या पणत्यांशी भाव लावावा लागला आणि हाताला काही उरलं नाही. माठ कुरियरला परवडेना. खापराला मात्र विचारणा झाली, ऑर्डरी आल्या, माल गेला आणि फुटलेल्या खापरांचे फोटो यायला लागले.

माल घरी आल्यावर पैसे देण्याच्या सोयीने त्यात भर घातली. शहरात पार्सल पोचतं, घरी कोणी नसतं, किंवा मन बदललेलं असतं, आणि पेटी परत फिरते. कापड परत आलं तर पुन्हा विकता येतं. खापराला मात्र दोनदा प्रवास घडतो, दोनदा चढउतार होते, आणि परतीचं भाडंही विकणाऱ्याच्या खात्यातून वळतं होतं. ही सोय पहिल्याच हंगामात बंद करायला लावली. पैसे आधी यूपीआयने, मग माल. ऑर्डरी कमी झाल्या, हे खरं आहे. उरलेल्या मात्र खात्रीच्या होत्या.

धाकट्या भावाचं मत ठाम होतं: कुरियरवाले पेट्या फेकतात, म्हणून फुटतं. हे ऐकायला सोपं होतं आणि सगळ्या घराला मान्यही होतं. पुतणीला ते पुरेसं वाटेना. तिने तक्रार करणाऱ्या प्रत्येकाकडून दोन फोटो मागवायला सुरुवात केली: एक पेटीचा बाहेरून, दुसरा सगळे तुकडे जमिनीवर मांडून. जी खापरं परत आली होती तीही ओसरीवर ओळीने ठेवली. मग सगळ्यांनी बसून ती बघितली.

तुकडे काय सांगत होते

काही खापरांच्या पाठीवर एका बिंदूपासून चहूकडे भेगा गेल्या होत्या आणि पेटीचा एक कोपरा चेपलेला होता. ही उघडच पडल्याची खूण. काहींची पाठ शाबूत होती, पण काठाचा चंद्रकोरीसारखा तुकडा निघालेला आणि पेटी बाहेरून धडधाकट. म्हणजे खापर आतल्या आत हललं, काठ पुठ्ठ्याला आपटत राहिला. हा दोष कुरियरच्या हाती पडण्याआधीचा, आपल्या ओसरीवरच्या पॅकिंगचा. तिसऱ्या गटात काठापासून आत एकच सरळ भेग होती. आईने तो तुकडा हातात घेतला आणि भेगेची कड बोटाने पुसून बघितली. ताजं फुटलेल्या तुकड्याची कड आतून स्वच्छ विटकरी असते. या कडेवर धूर बसला होता. आव्यातला धूर जिथे पोचला ती भेग आव्यात असतानाच पडलेली होती. खापर घरातूनच चिरलेलं निघालं होतं आणि वाटेत फक्त उघडं झालं.

थोरल्याला हे लागलं. तो दिवसभर कोणाशी बोलला नाही. पण खूण डोळ्यांसमोर होती, आणि आईने दाखवलेली, त्यामुळे वाद झाला नाही. तीन दुखणी, तीन औषधं, आणि ज्याचं औषध घरातच होतं त्याने सर्वांत जास्त खापरं गेली होती.

भेगांचं कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. चैत्रात वारा तापलेला असतो. खापराचा काठ पातळ, तो आधी वाळून आकसतो. बूड जाड, ते मागाहून. त्या ओढाताणीत काठाला केसाएवढी चीर पडते आणि भाजल्यावर ती कायम होते. पूर्वीही हे होत होतं. बाजारात गिऱ्हाईक असं खापर वाजवून बाजूला ठेवायचं, ते घरी परत यायचं आणि कोंबड्यांच्या पाण्याला लागायचं, म्हणून कोणाला ते नुकसान वाटलं नव्हतं. आता वाळवण सावलीत होते, काठावर ओलं गोणपाट असतं आणि ते आधी बुडाला वारा लागेल अशा बेताने काढतात. पऱ्हाट्या (कपाशीची वाळकी झाडं) आणि गोवऱ्यांचा आवा विझल्यावर तो उघडायची घाई होते, विशेषतः आखाजीच्या तोंडावर. गरम भांड्याला गार वारा लागला तरी चीर जाते. आता आवा एक रात्र जास्त झाकून ठेवतात.

परीक्षेचं काम आईकडे आलं आणि ते बघण्यासारखं आहे. ती गोणपाटावर बसते, खापर डाव्या हाताच्या तीन बोटांवर तोलते आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेराने पाठीवर टिचकी मारते, चार ठिकाणी. खणखणीत वाजलं तर पुढे. मग ओल्या फडक्याने काठ सगळीकडून पुसते आणि थोडा वेळ बघत राहते. माती पाणी पिऊन लगेच फिकी होते, पण चीर असेल तिथे काळसर रेघ मागे राहते, कारण भेगेत पाणी मुरलेलं असतं. बद्द वाजलं की ती काही न बोलता खापर डावीकडे सरकवते. त्या डावीकडच्या ढिगाबद्दल अपील चालत नाही, थोरल्याचंही नाही.

पॅकिंगचं पुढे ठरलं ते असं: आतली पेटी, तिच्यात खापर पालथं, काठाला सगळीकडून कागदाच्या गुंडाळ्या, पोकळीत कागदाचा चुरा ठासून, मग बाहेरची पाच-प्लाय, म्हणजे पाच पदरी पुठ्ठ्याची पेटी आणि दोन्हींच्या मध्ये सगळ्या बाजूंनी दोन बोटं जागा, तीही भरलेली. सुरुवातीला चोपड्याकडून केळीची वाळलेली पानं आणली होती. फुकट मिळतात आणि गादीसारखी बसतात. पण पान आतून जरा जरी ओलं राहिलं तर पेटीत बुरशी धरते आणि पुठ्ठा मऊ पडतो, म्हणून कुरियरच्या पेट्यांतून ती काढली. पेटी तयार झाली की धाकटा ती कमरेच्या उंचीवरून सहाही बाजूंवर टाकून बघायचा. थोरला त्या वेळी घरात निघून जायचा.

किंमत

कुरियरवाले नुसतं वजन बघत नाहीत. पेटीची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायची. येणारा आकडा आणि खरं वजन यांत जो मोठा असेल त्यावर भाडं. सोळा इंची खापराची बाहेरची पेटी ५० बाय ५० बाय २८ ची झाली. हिशेब येतो १४ किलो. काट्यावर ती पेटी पाच किलोच्या आसपास. म्हणजे नऊ किलो हवेचं भाडं. बाजारात २०० रुपयांना जाणाऱ्या खापराला एवढं भाडं लावणं अशक्यच होतं.

म्हणून दहा इंची खापर आलं. गॅसच्या शेगडीवर बसतं, पेटी ३६ बाय ३६ बाय १८, हिशेबाचं वजन पाच किलोच्या आत. त्याची किंमत आम्ही वहीवर अशी उभी केली: माती, जळण आणि घडण धरून बाजारभाव १२०; दोन पेट्या आणि कागद ५५; परीक्षा आणि पॅकिंगची मजुरी ३०; कुरियर १९०. झाले ३९५. मग फुटीचा वाटा. बारात एक फुटणार असं धरलं, कारण सगळी काळजी घेऊनही काही फुटतातच आणि गिऱ्हाइकाला बदली माल विनातक्रार द्यायचा असं ठरलं होतं. त्याचे ३५. मिळून ४३०, विक्री ४५० ला. १२० ची वस्तू ४५० ला जाते हे ऐकून आई हबकली, पण वरच्या ३३० तले २८० रुपये तिच्या घरात येत नाहीत, पेटीत, वाटेत आणि फुटीत जातात. वही समोर ठेवल्यावर तिला ते कळलं.

त्या ३० रुपयांबद्दल मला आग्रहाने लिहायचं आहे. कुंभारघरात माती चाळणं, मळणं, गेरू लावणं, बाजारात बसणं ही कामं बायका करत आल्या आणि त्यांची मजुरी कधी मोजली गेली नाही. ऑनलाइन सुरू झालं तेव्हा पॅकिंगही तसंच त्यांच्या वाट्याला गेलं: रात्री जेवणं आटोपल्यावर, दिव्याखाली, पेट्या चिकटवत. पहिल्या हिशेबात हा आकडा शून्य होता, म्हणून धंदा नफ्यात दिसत होता. थोरल्याच्या बायकोने एका महिन्यात किती रात्री किती पेट्या झाल्या ते कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं आणि दिराला म्हणाली, "भाऊजी, हे काम बाहेरून करून घेतलं असतं तर काय दिलं असतं तेवढं लिहा." त्या दिवसापासून ते लिहिलं जातं आणि तिच्या खात्यावर जमा होतं. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा बदल हाच आहे. फुकटच्या श्रमावर उभा राहिलेला ऑनलाइन नफा त्या बाई आजारी पडल्या की संपतो.

छोटं खापर आणि मोठं खापर

दहा इंची खापर बघून आईने विचारलं होतं, "हाई खापर शे का ताटली? येवर मांडा कसा मावई?" तिचं बरोबर होतं. त्यावर मांडा होत नाही. पुरणपोळी होते, भाकरी होते, पण कोपरापर्यंत वाढवलेला मांडा टाकायला ती पाठ पुरत नाही. मुलीने संकेतस्थळावर आधी "मांड्यांचं खापर" असंच लिहिलं होतं, कारण लोक तेच शोधत होते. एका पुण्याच्या बाईंनी ते घेतलं आणि फोन करून चांगलं सुनावलं. मग नाव बदललं: "भाकरी-पुरणपोळीचं छोटं खापर", खाली स्पष्ट ओळ, "मांड्यांसाठी नाही", आणि फोटोत शेजारी फूटपट्टी. नाव बदलल्यावर विक्री जराशी उतरली. तरी ती ओळ काढायची नाही यावर आजी आणि नात दोघी ठाम आहेत.

मोठ्या खापराचा प्रश्न मात्र तसाच होता, आणि खरी मागणी त्यालाच. त्याची वाट सुनावणाऱ्या त्या बाईंनीच दाखवली. त्यांच्या ओळखीच्या खान्देशी मंडळींचा व्हॉट्सॲप गट होता. त्यांनी तिथे विचारलं, नावं जमवली, पैसे मुलीच्या खात्यावर आले आणि मोठी खापरं एका पिकअपमधून, जुन्या पद्धतीने, एकात एक बसवून, मध्ये कडबा आणि वाळकी केळीची पानं घालून पुण्याला गेली. गाडी एका घरी उतरली. ज्यांची होती ते येऊन आपापलं खापर वाजवून घेऊन गेले. सोबत दोन-चार जास्तीची पाठवली होती, बद्द वाजेल त्याच्या बदली.

हा मार्ग बघण्यासारखा आहे. ऑर्डर ऑनलाइन, पैसे ऑनलाइन, माल मात्र यात्रेला जातो तसा. परीक्षा पुन्हा गिऱ्हाइकाच्या हातात गेली आणि तिचा खर्च कमी झाला. मोठं खापर पुण्यात पडतं ३०० रुपयांना: २०० भांड्याचे, ६० भाड्याचा वाटा, बाकी चढउतार आणि फूट. म्हणजे मोठं खापर छोट्यापेक्षा स्वस्त! गिऱ्हाईक चक्रावतं आणि मुलीला दर वेळी समजावून सांगावं लागतं की फरक पेटीचा आहे. हस्तकलेचा माल ऑनलाइन न्यायचा म्हणजे एकेक वस्तू एकेका दारात पोचवायचीच, असं धरून चालण्याची गरज नाही, हे मला या पिकअपने शिकवलं. जिथे आपल्या मुलखाची माणसं एकगठ्ठा राहतात तिथे गठ्ठ्यानेच माल न्यावा.

सुरतेला तसंच करायचं ठरलं, पण राज्याची हद्द आडवी आली. १ ऑक्टोबर २०२३ पासून उलाढाल मर्यादेच्या आत असलेल्या छोट्या विक्रेत्याला जीएसटी नोंदणीशिवाय संकेतस्थळांवरून माल विकता येतो, त्याआधी नोंदणी सक्तीची होती. ही सवलत राज्याच्या आतल्या विक्रीपुरतीच आहे. त्यामुळे संकेतस्थळावरून सुरतेला छोटं खापर जाऊ शकत नाही. थेट विक्रीत हस्तकलेच्या मालाला परराज्यासाठी वेगळी सूट आहे, पण नोंदणी नसलेल्याने असा माल परराज्यात न्यायचा तर माल कितीही कमी किमतीचा असला तरी ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचं ऑनलाइन कागदपत्र, काढावं लागतं. हे सगळं जळगावच्या एका कर सल्लागाराकडून समजून घेतलं, त्याची फी दिली आणि मगच गाडी हद्दीवरच्या नवापूरच्या पुढे गेली.

वापरणाऱ्याच्या घरी

खापर शाबूत पोचलं म्हणजे काम संपलं असं वाटलं होतं. मग वेगळ्या तक्रारी आल्या: पहिल्याच दिवशी तडकलं. विचारपूस केली की कळायचं, पेटीतून काढून थेट मोठ्या गॅसवर ठेवलं होतं. गावात हे कोणाला सांगावं लागत नाही, सासू सांगते. शहरातल्या स्वयंपाकघरात ती सासू कुंभाराने पाठवावी लागते. आता प्रत्येक पेटीत एक कागद असतो: रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, सावलीत पूर्ण वाळू द्या, पहिले काही वेळा मंद आच, तापलेल्या खापरावर गार पाणी नको, साबण नको कारण माती तो शोषून घेते, इंडक्शनवर चालत नाही. त्याच सूचना आईच्या आवाजात अहिराणीतून व्हॉट्सॲपवरही जातात, आणि गिऱ्हाइकं कागदापेक्षा तो आवाज जास्त ऐकतात असं दिसतं. काळ्या डागांचंही त्यातच सांगितलं आहे. मातीतल्या लोहामुळे खापर लाल होतं, पण आव्यात ज्या भागाला हवा मिळाली नाही आणि धूर मिळाला तो काळा पडतो. वापरायला दोन्ही सारखेच. हे आधी सांगितलं की डाग दिसल्यावर कोणी माल परत करत नाही.

सरकारी योजनेचा एक उपयोग सांगायला हवा. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसायांत कुंभारकाम आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने पहिलं कर्ज १ लाखापर्यंत. थोरल्याने ते कर्ज घेतलं आणि विजेचं चाक न घेता माल ठेवायला कोरडी, पत्र्याची खोली बांधली. मला हा निर्णय फार चांगला वाटतो. त्यांची कोंडी घडवण्याच्या वेगात नव्हतीच. आवा मे महिन्यात थांबतो आणि ऑनलाइन मागणी दिवाळीपर्यंत येत राहते. पावसाळ्यात ओसरीवर ठेवलेलं खापर ओल धरतं, पुठ्ठा तर धरतोच. खोली झाली आणि पहिल्यांदाच श्रावण-भाद्रपदात पार्सलं गेली.

आज कुठे आहे

वहीकडे बघितलं तर मोठं खापर, गठ्ठ्याने पुणे आणि सुरतेला, हाच धंद्याचा कणा झाला आहे. छोटं खापर संकेतस्थळावरून थोडं थोडं जातं. त्यात नफा बेताचा, पण नवी गिऱ्हाइकं तिथूनच येतात आणि पुढच्या वर्षी थेट फोन करतात. माठ आणि पणत्या ऑनलाइनवरून काढल्या. घागर कधीच टाकली नाही, ती गावाचीच राहिली.

ऑर्डरी आखाजीच्या तीन आठवडे आधी बंद करायच्या असा नियम झाला आहे. तिथीमुळे तो दर साली नव्याने मोजावा लागतो: २०२४ ला आखाजी १० मेला होती, २०२५ ला ३० एप्रिलला. मागच्या वर्षीच्या तारखा बघून कामाला लागलं तर कधी कधी दहा दिवस कमी पडतात आणि मग आवा घाईत उघडला जातो.

घरात सध्या एकच वाद चालू आहे. धाकट्याला छोट्या खापरासाठी साचा आणि दाबयंत्र हवं आहे. त्याच्या मते ती वस्तू नाहीतरी शेगडीवरचा तवाच आहे, हाताने ठोकण्यात वेळ का घालवायचा. थोरला म्हणतो, एका घरातून दोन तऱ्हेचा माल गेला की लोक मोठ्या खापराकडेही संशयाने बघतील. पुतणी काकाच्या बाजूला झुकते, तिची आई अजून काही बोललेली नाही. माझं मत त्यांनी विचारलं तेव्हा मी यंत्राच्या विरुद्ध सांगितलं. साच्यातल्या तव्यात गुजरातचा माल या घराला भावात हरवणारच, आणि ४५० रुपये देणारं गिऱ्हाईक ते पैसे थोरल्याच्या ठोकण्याला आणि आईच्या टिचकीला देतं. धाकट्याने यंत्राचे दर मागवून ठेवले आहेत. होळीनंतर, हंगामाची माती आली की, ते बसून ठरवणार आहेत.